खाऱ्या पाण्याचं मांदण

जोतीराम गुळव्या कॉलेजात कसा आला, हे ठाऊक असणारा एकच माणूस होता आणि तो रिटायर होऊन पुण्याला लेकाकडं गेला होता. बाकीच्यांच्या लेखी जोतीराम म्हणजे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मामा. बेडकांच्या बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकांना कापडाच्या टोप्या घालायच्या, प्रॅक्टिकल झालं की मेणाच्या ताटल्या घासायच्या. तेरा वर्षं तो हेच करत होता. मामा म्हणणाऱ्या पोरांतल्या एकालाही माहीत नव्हतं, की या माणसाच्या हातचा गूळ एके काळी कोल्हापूरच्या सौद्यात बाजूला काढून ठेवत.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाला त्याचं गाव. गुऱ्हाळ हंगामाचे चार महिने चालायचं. चरकातनं पिळलेला रस खाली मांदणात, रस धरायच्या टाकीत, पडायचा, तिथनं काहिलीत जायचा, काहिलीखाली चुलवाण धडधडायचं. रस तापला की वर मळी यायची. ती कधी काढायची, किती काढायची आणि कधी हात आवरायचा, हे ज्याला कळतं तो गुळव्या. बाकीचे सगळे ओझ्याचे धनी. जोतीरामला ते विशीतच कळलं. त्याचा गुळाचा रवा फोडला की आत सोन्यासारखा पिवळा निघायचा.

मग साखर कारखाना आला, ऊस तिकडं वळला आणि गुऱ्हाळ मोडलं. त्याच साली बायको चिमणाबाई पोटाच्या दुखण्यानं गेली. मूलबाळ नव्हतं. भावकीनं दोन दिवस जेवायला बोलावलं, तिसऱ्या दिवशी बोलावलं नाही. प्राणिशास्त्राचे रुकडीकर सर पूर्वी कॉलेजची पोरं घेऊन नदीचे मासे बघायला यायचे आणि गुऱ्हाळावर काकवी खायला थांबायचे. त्यांनी निरोप धाडला, “लॅबला माणूस हवाय. ज्याला मळी कळते त्याला पाणी कळेल.” जोतीराम एक वळकटी घेऊन कोल्हापूरला आला. शिवाजी पेठेत एक खोली घेतली, ती अजून तीच होती. खोलीत एक चूल, एक कॉट आणि चिमणाबाईचा तांब्याचा हंडा.

खाऱ्या पाण्याचा काचेचा हौद सरांचा. ब्याऐंशी साली पोरांची सहल रत्नागिरीला गेली होती. तिथं ओहोटीला खडकांतल्या डबक्यात काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे सापडले, तळहाताएवढे. सरांनी तीन मासे दुधाच्या कॅनमधनं जिवंत आणले. त्यातले दोन मासे महिन्याभरात मेले. तिसरा राहिला. पोरांनी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं आणि मग मामा आणि मासा मिळून कॉलेजात दोन पट्टेवाले झाले. जोतीरामला त्याचा राग नव्हता. सकाळी कुलूप काढून आत गेलं, की तो मासा काचेच्या कोपऱ्यात येऊन त्याच्याकडं तोंड करून उभा राहायचा. दिवसभरात त्याच्याकडं असं वळून बघणारं दुसरं कुणी नव्हतं. काम सांगायला बघायचे, ते निराळं.

महिन्याला चार कॅन समुद्राचं पाणी मासळीच्या ट्रकमधनं यायचं. जुनं काढायचं, नवं घालायचं. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्या ट्रकवाल्यानं मार्ग बदलला आणि पाणी बंद झालं. सर तोवर पुण्याला गेलेले. विभागाच्या प्रमुख आता विमलाबाई होत्या. कडक, पण खोटं न बोलणाऱ्या बाई.

“जोतीराम, हा हौद खिडकीपासून काढायचा आहे. तिथं फ्रीज येणार.”

“आन् मासा?”

“मासा काय करणार? पाणी येत नाही. समुद्र आणायचा छंद रुकडीकर सरांना होता, मला नाही.”

“पानी न आनता जगला तर?”

“कसा जगेल?”

“जगला तर, म्हंतो मी.”

बाई शास्त्र शिकवणाऱ्या. ‘जगला तर’ असं कुणी म्हटलं, की त्यांना पुढं नाही म्हणता येत नसे. टेबलावर बोट आपटत त्या म्हणाल्या, “दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत. समुद्राचं नवं पाणी एक थेंब नाही. उघडायच्या दिवशी मासा मला पोहताना दिसला, तर हौद इथंच राहील. नाही तर हौद अडगळीत आणि तुम्ही ऑफिसात टपाल न्यायला.”

“चालंल,” जोतीराम म्हणाला.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्यानं सरांना कार्ड लिहिलं, ते पाऊण ओळीचं. सरांचं उत्तर मात्र कार्डाच्या कडेपर्यंत आलं. परदेशात मोठ्या हौदाखाली दुसरा हौद ठेवतात. वरचं पाणी त्यात पडतं, तिथं निवळतं आणि पंपानं परत वर जातं. खालच्या हौदात समुद्री शेवाळ ठेवावं आणि त्यावर दिवा लावावा. शेवाळ पाण्यातली घाण खातं, आणि त्याच्या आडोशाला बारीक जीव वाढतात, कारण तिथं मासा पोचत नाही. लोखंड नको, तांबं तर मुळीच नको. छोटा पंप आणि काच चिकटवायचं नवं रसायन पाठवतो. हे मी वाचलेलं आहे, केलेलं नाही. तुम्ही करून बघा.

जोतीरामनं कार्ड दोनदा वाचलं. मग वॉचमन गुंडूला म्हणाला, “ह्ये तर मांदण हाय की रं.”

“कशाचं मांदण?” गुंडूनं विचारलं. तो हुपरीकडचा, चांदीच्या कारखान्यात मन रमलं नाही म्हणून काठी हातात घेतलेला.

“वरचा रस खाली पडायचा, खालनं वर जायाचा. सायबानं चरक उलटा लावलाय, येवढंच.”

आता मांदण करायचं कशाचं, यात आठ दिवस गेले. लोखंडी पिंप नको, मीठ त्याला महिन्यात खाणार. खोलीतला हंडा त्याला आधी आठवला होता. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे जन्मापासनं ऐकलेलं. पण सरांनी नको लिहिलं म्हणजे नको. बागेत पाणी साठवायचं सिमेंटचं डोणं होतं, पण सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि हाताची कातडी सोलतो, मग माशाचं काय होईल. फॉर्मालिनच्या मोठ्या बरण्या होत्या. त्या आठ दिवस धुतल्या तरी नाकाला झोंबत. शेवटी अडगळीच्या खोलीत पेंढा भरलेल्या अजगराची काचेची पेटी सापडली. अजगराला वाळवी लागलेली, पेटी चांगली होती. बाईंना विचारून त्यानं अजगर पोत्यात घातला आणि पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून लक्ष्मीपुरीत काचवाल्याकडं नेली.

काचवाला म्हणाला, “मामा, हातभर पुरं की. टेबलाखाली कुणाला दिसायचं हाय?”

“दिसायसाटी न्हाय करालो. वरच्या हौदाच्या निम्मं पायजे.”

“येवढं पानी हाय व्हय खाली?”

“पानी न्हाय. जागा पायजे.”

काचवाल्याला ते कळलं नाही, पण त्यानं त्याच काचा कापून सांगितल्या मापाची पेटी जोडून दिली. आत दोन उभ्या काचा बसवून तीन खण केले. वरच्या हौदाच्या बाजूला काठाखाली तीन बोटं एक भोक पाडलं आणि त्यातनं नळी खाली सोडली. पहिल्या खणात पाणी पडायचं, तिथं शिंपल्यांचा थर. मधल्या खणात वरच्या हौदातले शेवाळ धरलेले दोन दगड, आणि वर एक बल्ब टांगलेला. तिसऱ्यात सरांचा पंप.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पंपाची नळी वरच्या हौदात खोल सोडली होती. वीज गेली तसं त्याच नळीतनं पाणी उलटं ओढलं जाऊन खाली आलं आणि जमिनीवर घोट्याएवढं तळं झालं. जोतीरामनं फडक्यानं पाणी पिळून बादलीत भरलं, सगळं परत हौदात ओतलं आणि नळीचं तोंड वर ओढून पाण्याच्या वरच्या पातळीला आणून बांधलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी विमलाबाई बघायला आल्या. त्यांनी टेबलाखाली वाकून तिन्ही खण बघितले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

“आता वीज गेली, समजा.”

वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली सरकलं, खालचं चढायला लागलं. बाईंनी साडीच्या निऱ्या उचलून धरल्या. पाणी काठापासनं चार बोटांवर येऊन थांबलं.

“मोजलं होतंत?”

“मोजायचं काय त्यात, बाई. काहिल काय काठोकाठ भरत्यात व्हय? ऊत कवातरी येनारच. त्येला जागा ठेवायची.”

बाईंनी बटण परत चालू केलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “या खालच्या खणात काही वाढलं तर मला दाखवा.”

सुट्टी लागली आणि कॉलेज रिकामं झालं. रिकामं म्हणजे अगदी. पोरांची चप्पल वाजत नाही, घंटा नाही, कँटिनला फळी लावलेली. जोतीराम सकाळी यायचा आणि अंधार पडायच्या आत खोलीवर जायचा. खोलीवरही कुणी नव्हतं, त्यामुळं दोन्हीकडं सारखंच. इथं निदान पाणी पडल्याचा आवाज होता.

काम मोजकंच. उन्हानं पाणी आटलं की खारटपणा वाढतो, म्हणून विहिरीचं गोडं पाणी घालून ते काचेवरच्या खुणेपर्यंत आणायचं. खारटपणा तो डेअरीतनं आणलेल्या लॅक्टोमीटरनं बघायचा. दुधाला अठ्ठावीसच्या वर लागतो, समुद्राला पंचवीस.

गुंडू दारातनं बघायचा. “मामा, म्हस किती लिटर देती?”

“देती की. पर सगळं पानीच घाटलेलं.”

“डेअरीवाला घेनार न्हाय मग.”

“त्येला कोन घालालंय.”

एवढंच बोलणं दिवसाचं. गुंडू गेला की जोतीराम पुन्हा हौदाकडं वळायचा.

चार दिवसांनी त्याला एक गोष्ट दिसली. पहिल्या खणात पाणी उंचावरनं पडायचं तिथं फेस धरायचा, आणि फेसाच्या कडेला पिवळट, चिकट काहीतरी गोळा व्हायचं. त्यानं बोटावर घेतलं, वास घेतला. मळी होती. गुळाची नव्हती, माशाची होती. पण वर येऊन कडेला बसायची तिची तऱ्हा तीच. त्याच्या मनगटात काहीतरी जागं झालं. चहाची गाळणी आणून त्यानं तो फेस उचलला, अगदी वरचा वर, खालच्या पाण्याला धक्का न लावता. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा. आठ दिवसांत माशाच्या पट्ट्यांवर तकाकी आली. मधल्या खणात शेवाळाच्या झिपऱ्या वाढल्या, आणि त्यांत तांदळाच्या कणीएवढे वाकडे जीव पळायला लागले. मासा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून ते वाढत होते. सरांनी लिहिलं होतं तसंच झालं होतं.

हे कुणाला तरी सांगावं, असं जोतीरामला फार वाटलं. सांगायला गुंडूच होता.

“किडं झाल्यात म्हना की,” गुंडू म्हणाला.

“किडं न्हवं. जीव हाईत.”

“बरं, जीव. मी काय म्हंतो, दिवाळीत मी ड्यूटी केली, आता शेवटचं चार दिस घरला जातो. तुमी बी चला. आमची आय लाडू राखून ठेवतीया.”

“मग माशाला कोन बघंल?”

“मासा काय चार दिस तोंड फिरवून बसंल व्हय? का लगीन लावलंय त्येच्यासंगं?”

“तू जा. मोठ्या दाराच्या किल्ल्या दे.”

गुंडू गेला. जोतीरामला त्याच्याबरोबर जावंसं वाटलं होतं का, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बोलावणं आलं की नाही म्हणायची त्याला सवय लागली होती. भावकीनं तिसऱ्या दिवशी बोलावलं नाही, तेव्हापासनंची.

सोमवारी कॉलेज उघडणार होतं. शनिवारी सकाळी हौदासमोर बसला असताना त्याला पाण्याचा रंग दिसला. मासा बरा होता. लॅक्टोमीटर पंचवीसच दाखवत होता. पण आडव्या उन्हात बघितलं, तर पाण्याला फिका पिवळा रंग चढला होता, दोनदा उकळलेल्या चहासारखा. दुसऱ्या कुणाच्या नजरेतही तो आला नसता. पण जोतीराम गुळव्या होता, आणि रंग बिघडलेला त्याला बघवत नसे. सोमवारी बाई येणार. मासा पोहताना दिसेल, हौद राहील. पण पाणी असं दिसलं तर काय कामाचं. तेरा वर्षं त्याच्या हातचं काही कुणी बघितलं नव्हतं.

काहिलीत रंग असा अडला, की गुळव्या एकच गोष्ट करतो. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात चोळायची. ते बुळबुळीत पाणी रसात घातलं, की मळी झटक्यात वर येते आणि रस काचेसारखा होतो. बापानं त्याला तेच शिकवलं, बापाला आज्यानं.

तो पंचगंगेचा पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला चालत गेला. हंगाम नुकताच लागलेला. रस्त्याच्या कडेचं गुऱ्हाळ धुरावरनंच कळलं. काहिलीशी एक चाळिशीचा गुळव्या उभा होता. नाव हंबीरराव.

“या पावणं. काकवी खानार?”

“काकवी नगो. भेंडीची चार ताटं द्या.”

“भेंडी?” हंबीरराव हसला. “भेंडी कोन वापरतंय आता. पावडर टाकायची, रवा पांढराफेक. ती न्ह्या की पुडी.”

“पावडर तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

हंबीररावानं त्याच्याकडं निरखून बघितलं. “गुळव्या हायसा व्हय तुमी?”

“व्हतो.”

“आता कुठल्या गुऱ्हाळाला?”

“कॉलेजच्या,” जोतीराम म्हणाला.

हंबीररावाला वाटलं म्हाताऱ्यानं टिंगल केली. पण त्यानं बांधावरची भेंडी उपटून दिली, वर एक ऊसही दिला. ऊस जोतीरामनं वाटेत एका म्हशीपुढं टाकला. दात राहिले नव्हते.

दुपारी त्यानं ताटं ठेचली, बादलीत चोळली, आणि एक तांब्याभर बुळबुळीत पाणी पहिल्या खणात घातलं. एवढ्यानं काय होतंय म्हणून अजून अर्धा तांब्या घातला. फेस असा उठला, की काठापर्यंत आला. तो काढत गेला, काढत गेला. दिवस मावळायच्या आधी पाणी असं झालं, की हौदातनं पलीकडच्या भिंतीची चीर दिसायला लागली. असं पाणी त्यानं सरांच्या वेळीही बघितलं नव्हतं. त्यानं गाळणी धुऊन ठेवली आणि खोलीवर जाताना वाटेत पहिल्यांदाच चहा मागवून बसून प्याला.

रविवारी सकाळी कुलूप काढलं तर हौद ताकासारखा झालेला.

मासा कोपऱ्यात नव्हता. अगदी वर, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होता.

काय झालं, ते जोतीरामला तिथल्या तिथं कळलं. काहिलीखाली विस्तव असतो. मळीबरोबर निघाली नाही ती भेंडीची चिकटी त्या जाळावर जिरून जाते. इथं विस्तव कुठला? थंड पाण्यात ती रात्रभर नासत बसली, आणि नासताना माशाच्या वाट्याची हवा खाऊन टाकली. इतकी साधी गोष्ट होती. हंबीररावाला जरी विचारली असती, पाणी गार असलं तर काय होतंय म्हणून, तर त्यानं सांगितली असती.

नवं पाणी आणायचं नव्हतं, आणि आणायचं म्हटलं असतं तरी समुद्र घाटाखाली. पंपाची धार पुरी पडत नव्हती. त्यानं प्लास्टिकचा मग घेतला, हौदातलं पाणी खांद्याइतक्या उंचीवर नेलं आणि धार धरून परत ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. उतू जाणारी काहिल गुळव्या अशीच पळीनं उचलून उचलून थंड करतो. शंभर-दीडशे मगांनंतर मासा थोडा खाली गेला. जोतीरामनं हात थांबवून फेस काढायला घेतला, तर मासा परत वर आला. म्हणजे थांबता येत नव्हतं.

गुऱ्हाळात आठ माणसं असतात. एकाचा हात भरून आला, की तो नुसतं “ए” म्हणतो, आणि दुसरा पळी धरतो. त्यात मागणं-सवरणं काही नसतं. जोतीराम ओतत राहिला. उजवा हात, मग डावा, मग पुन्हा उजवा. दहा वाजले, बारा वाजले. भाकरी फडक्यात तशीच होती.

दुपारी एकदा तो मग घेऊनच खिडकीशी गेला. मैदानापलीकडं कुंपणाच्या बाहेर एक माणूस सायकल उलटी करून चेन बसवत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. जोतीरामनं तोंड उघडलं. काय म्हणायचं? मासा मराय लागलाय, जरा पाणी ओतू लागा? त्याचं तोंड मिटलं. त्या माणसानं सायकल सरळ केली, पायडल फिरवून बघितलं आणि तो गेला.

तीन वाजता त्याच्या खांद्यात कळ आली. प्लास्टिकचा मग हातातनं सुटून हौदात पडला, तो त्यानं काढला. स्टूल ओढून बसून ओततो म्हणाला. बसून धार बुटकी पडत होती, पण पडत होती. पाठ भिंतीला टेकली. किती वेळ झोप लागली, कळलं नाही. जागा झाला तेव्हा खिडकीतलं ऊन अजून त्याच फरशीवर होतं, हातभरही सरकलं नव्हतं.

मासा वाळूवर आडवा पडला होता.

जोतीरामनं तो काढला, कागदात गुंडाळला आणि बागेत चाफ्याखाली पुरला. मग वर येऊन पंप चालू ठेवला, फेस काढला आणि फडक्यानं फरशी पुसली. हे करायची आता गरज नव्हती. पण केलं.

सोमवारी विमलाबाई सगळ्यात आधी हौदापाशीच आल्या. पाणी अजून दुधट होतं.

“कुठाय?”

“मेला.”

“वीज गेली होती?”

वीज गेली होती असं म्हणता आलं असतं. सुट्टीत दोनदा गेलीच होती, आणि कुणी विचारायला गेलं नसतं.

“न्हाय. म्या मारला,” जोतीराम म्हणाला, आणि त्यानं भेंडीपासनं सगळं सांगितलं. बाई उभ्यानं ऐकत होत्या. मधे त्यांनी पेन काढून काही टिपून घेतलं.

“म्हणजे शनिवारी सकाळी मासा चांगला होता.”

“चांगला व्हता.”

“पाणी नुसतं पिवळट दिसत होतं.”

“व्हय.”

बाईंनी पेन मिटलं. “कुणाला तरी बोलवायचं होतंत, जोतीराम. गुंडूला.”

“त्यो गावाला गेल्ता.”

“मग रस्त्यावरच्या कुणाला. दोघं असता तर रात्रीपर्यंत धरलं असतं त्याला.”

“धरलं असतं,” तो म्हणाला. “दुपारी एक मानूस दिसलाबी व्हता.”

“मग?”

“हाक आली न्हाय.”

 जोतीरामनंच विषय संपवला. “ठरल्यापरमानं हौद काढूया. टपालाला उद्यापास्नं जातो.”

वरचा हौद रिकामा करायला तास लागला. खालच्या मांदणाला हात घालायच्या आधी बाई म्हणाल्या, थांबा. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि भिंग लावून मधला खण बघायला लागल्या. बल्बच्या उजेडात शेवाळ हिरवंगार होतं आणि त्यात ते कणीएवढे जीव पळत होते. उजेडात शेवाळ हवा सोडत राहिलं होतं, त्या हवेवर ते तगले होते. त्यातल्या एका मादीच्या पोटाखाली अंडी होती, बाईंनी ती त्याला दाखवली. त्याला भिंगातनं नुसतं अंधुक काहीतरी दिसलं. तो व्हय म्हणाला.

“हे प्रॅक्टिकलला उपयोगी पडतील,” बाई म्हणाल्या. “हे असू दे. पंपाची नळी यातच सोडा. आणि जोतीराम, डिसेंबरात सहल रत्नागिरीला न्यायचा विचार आहे. फ्रीजचं बघता येईल. दुसरा मासा आणू.”

जोतीरामनं नळी कापून खालच्या पहिल्या खणात वळवली. पाणी पडायला लागलं. पूर्वीपेक्षा आवाज बारीक.

“दुसरा मानूस द्याल काय?”

“कशाला?”

“मासा ठेवायचा आसंल तर दोन मानसं पायजेत. येकट्याचं काम न्हाय ह्ये. म्या येकट्यानं हुतंय म्हनून बसलो, न्हाय झालं.”

“दुसरी जागा मंजूर नाही व्हायची, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मग मासा नगो.”

“तुम्हाला करमेल?”

तो गाळणी घेऊन नव्या फेसाकडं बघत बसला. फेस पांढरा होता, त्यात घाण फारशी नव्हती. खाणारं कुणी मोठं राहिलं नव्हतं, तर घाण येणार कुठनं.

“ह्येच ऱ्हाऊ द्यात,” तो म्हणाला. “आठवड्यातनं येकदा गोडं पानी घाटलं की झालं. ते कुनीबी घालंल. ह्यांस्नी म्या नसलो तरी चालतंय.”

बाई उठल्या, साडीची धूळ झटकली. तासाची घंटा झाली आणि पोरं जिन्यातनं वर यायला लागली. जोतीरामनं वरचा हौद कोरडा पुसून अडगळीच्या खोलीत नेला, भिंतीशी पालथा घातला, आणि ऑफिसात जाऊन टपालाची पिशवी कुठं असते ते विचारलं.